फोटो लहान करायचं सॉफ्टवेअर आणि माझे ५७,३१९ रुपये

घरबसल्या फोटो लहान करायच्या कामात मी फसलो. आधी आकडा लिहून टाकतो, कारण तो मी घरच्यांपासूनही दोन आठवडे लपवला होता. नोंदणी १,४९९. सॉफ्टवेअरचं लायसन्स १२,५००. अनामत १५,०००. दंड २४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२०. एकूण ५७,३१९ रुपये. सगळे मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून पाठवले.

घरबसल्या कामाच्या जाहिराती कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. डेटा एन्ट्रीच्या नावाखाली आमच्या गल्लीतली दोन पोरं फसली, तेव्हा त्यांना मीच चार शब्द सुनावले होते. पण माझा बावीस वर्षांचा फोटो स्टुडिओ आहे. रोल धुण्यापासून हे काम केलंय. समोरून आलेलं कामही फोटोचंच होतं: ऑनलाइन दुकानासाठी वस्तूंचे १२,००० फोटो ८०० बाय ८०० च्या मापात करून द्यायचे, फोटोमागे ३ रुपये, म्हणजे ३६,०००. जुलै २०२५, आषाढ लागलेला, लग्नं बंद, दुकानाचं भाडं मात्र चालूच. आपल्याच धंद्यातलं काम आहे, यात काय फसायचंय, असं वाटलं. माझ्या जागी दुसरा कुणी फोटोग्राफर असता तर त्यानेही हेच केलं असतं, असं मला अजून वाटतं.

फोटो त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून काढायचे, अशी करारात अट होती. म्हणून ते लायसन्स. आयडी-पासवर्ड आला. खिडकी उघडली की फोल्डर निवडायचा, रुंदी-उंची भरायची आणि बटण दाबायचं. दिवसाला १,२०० फोटोंची मर्यादा. बटण दाबलं की क्षणभर एक काळी खिडकी चमकून जायची आणि तिच्यात ‘मोग्रिफाय’ असं काहीतरी दिसायचं. मी ते वाचलं होतं. वाचून सोडून दिलं.

पण मला खरी झोप येत नाही ती पहिल्या दिवशीच्या दहा फोटोंमुळे. मापात ८०० बाय ८०० भरलं होतं आणि बाहेर आले ८०० बाय ६००. उभे होते ते ६०० बाय ८००. चारास तीनचा फोटो चौकोनात भरायचा तर तीनच वाटा: कापायचा, ओढून ताणायचा किंवा कडेने पांढरी जागा सोडायची. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी लगेच त्यांच्या ‘मॅनेजर’ला फोन करून विचारलं, की करारात बरोबर ८०० बाय ८०० लिहिलंय, मग यातलं नेमकं काय करू? तो म्हणाला, “सर, वैसे ही जाने दो, क्यूसी टीम देख लेगी.” क्यूसी म्हणजे काम तपासणारे. आणि मी जाऊ दिलं. गिऱ्हाइकाला नेमकं माप माहीत नाही, असं बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, तरी जाऊ दिलं. तिथेच थांबलो असतो तर १५,००० आणि २८,३२० तरी वाचले असते. अनामत मागितली ती तिसऱ्या दिवशी, म्हणजे या फोननंतर!

दहा दिवसांत १२,००० फोटो पुरे केले. अकराव्या दिवशी अहवाल आला: अचूकता ११ टक्के, करारात हवी ९० टक्के. मुळातच चौकोनी होते तेवढे फोटो पास, बाकी नापास. अनामत जप्त. शिवाय ‘कराराचा भंग’ म्हणून दंड. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या लेटरहेडवरची नोटीस: ४८ तासांत रक्कम भरा, नाहीतर अटक वॉरंट. असल्या करारावरून कुणाला अटक होत नाही, आणि वॉरंट काढायचं काम वकिलाचं नव्हे, हे आज मी कुणालाही सांगेन. त्या दिवशी डोळ्यांसमोर फक्त भर बाजारपेठेतलं आपलं दुकान आणि दारात उभी राहिलेली पोलीस गाडी होती. भरले.

दंडाच्या बिलावर जीएसटी क्रमांक होता. पत्ता पुण्याचा आणि क्रमांकाची सुरुवात ०९ ने. दर महिन्याला माझ्या स्वतःच्या बिलांवर मी २७ बघतो, महाराष्ट्राचा २७! बिल हातात आलं की आधी पहिले दोन आकडे बघा, मग जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाका, पैसे पडत नाहीत. मी पैसे भरल्यावर टाकला. दुसऱ्याच राज्यातल्या एका धान्य व्यापाऱ्याचा निघाला. त्या माणसाला बहुतेक याचा पत्ताही नसेल.

पैशांपेक्षा जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी ट्रायल म्हणून मी त्या सॉफ्टवेअरला माझ्याच दुकानातला एका हळदीचा फोल्डर दिला होता. ६४० फोटो, प्रत्येक ६००० बाय ४०००. वेगळी प्रत काढून दिली नाही, कारण असल्या सॉफ्टवेअरने नवीन फाइल वेगळी बनवायची हा साधा रिवाज. पंधरा दिवसांनी अल्बमवाल्याचा फोन आला, “मोठे केले की फोटो फाटतायत, ओरिजिनल पाठवा.” फोल्डर उघडला तर सगळे ८०० बाय ५३३. मूळ फोटोंवरच नवे लिहून टाकले होते. कॅमेऱ्याची कार्डं तोवर फॉरमॅट होऊन दोन कार्यक्रमांना वापरून झाली होती. नवरीच्या वडिलांना मी ८,००० रुपये परत केले, ते या ५७,३१९ मध्ये धरलेले नाहीत. त्या हळदीत नवरीची आजी होती, ऑगस्टमध्ये ती वारली. आजीचा मोठा फोटो करून द्या, म्हणून नवरीचे वडील दुकानात आले होते. काय सांगणार होतो मी त्यांना?

माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रक्षाबंधनाला आली तेव्हा तिने ते सॉफ्टवेअर बघितलं आणि त्याचा फोल्डर उघडून दाखवला. “मामा, हे इमेजमॅजिक आहे. हे फुकट असतं.” जॉन क्रिस्टी नावाच्या माणसाने १९८७ मध्ये ड्युपाँट कंपनीत असताना हे लिहायला घेतलं आणि १९९० मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. धंद्यासाठी वापरलं तरी पैसे नाहीत. लायसन्सची फाइलसुद्धा त्याच फोल्डरमध्ये पडली होती. १९९० पासून फुकट असलेल्या वस्तूवर एक खिडकी चिकटवून माझ्याकडून १२,५०० घेतले होते.

मग तिने कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली: मॅजिक मोग्रिफाय, डॅश पाथ, लहान फोटोंच्या फोल्डरचं नाव, डॅश रिसाइझ ८०० बाय ८००, शेवटी तारांकन डॉट जेपीजी. चहा होईस्तोवर शेकडो फोटो झाले. मोग्रिफाय ही इमेजमॅजिकची कमांड मूळ फाइलवरच लिहिते, म्हणून ते डॅश पाथ, आणि तो फोल्डर आधी बनवून ठेवायचा. हे विसराल तर माझ्या हळदीसारखं होईल. रिसाइझ फोटोचं प्रमाण सांभाळतं, म्हणूनच ८०० बाय ६०० यायचे. मापाच्या शेवटी उद्गारचिन्ह दिलं तर ताणून चौकोनी करतं. पांढऱ्या कडा हव्या असतील तर मापानंतर, तारांकनाच्या आधी, डॅश बॅकग्राउंड व्हाइट, डॅश ग्रॅव्हिटी सेंटर, डॅश एक्स्टेंट ८०० बाय ८००. इतकंच. हे त्या लोकांना माहीत नव्हतं असं समजू नका. सगळे नापास व्हावेत म्हणूनच ती पुढची अर्धी ओळ त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये ठेवली नव्हती. दिवसाला १,२०० ची मर्यादाही मुद्दामच, काम मोठं वाटावं आणि ३ रुपये दर कुणाला खटकू नये म्हणून.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी ठाण्यात ऐकलं, “काका, करार तुम्हीच केलात, पैसे तुम्हीच पाठवलेत, हा दिवाणी मामला आहे.” सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा म्हणाले. लावला, संध्याकाळी लागला, तक्रार क्रमांक मिळाला. तो घेऊन परत ठाण्यात गेलो तर, “आमच्याकडे नाही, जिल्ह्याच्या सायबरला जा.” दुकान बंद ठेवून जिल्ह्याला गेलो. तिथे बँकेचा शिक्क्याचा उतारा मागितला. बँक म्हणाली, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, पत्राची गरज नाही, बँकेला सांगा. बँकेतल्या बाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं की पिन तुम्ही टाकलाय, आमची जबाबदारी नाही. नऊ दिवस गेले. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्याने लिहून घ्यायची, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. हे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. ज्यांचं काम ते सांगायचं होतं त्यांतल्या एकानेही तोंडातून काढलं नाही. शेवटी कळलं की समोरच्या खात्यात ६,२०० रुपये होल्ड झालेत. मिळतील का? तर कोर्टाचा आदेश आणा. ६,२०० साठी वकील ५,००० मागतो.

पैसे गेले की पहिल्या तासात १९३० लावा, ठाण्यात नंतर जा. मी दंड भरल्यावर तीन दिवस लाजेने गप्प बसलो, तेवढ्यात खातं रिकामं झालं. काम देणारा पैसे मागत असेल तर तिथेच फोन ठेवा, लायसन्स म्हणो, अनामत म्हणो. आणि कुणाचंही सॉफ्टवेअर आधी प्रतीवर चालवा, मूळ फोल्डरवर कधीच नाही.

परवा नवीन नंबरवरून फोन आला. माझं नाव, ५७,३१९ हा आकडा, तक्रारीची तारीख, सगळं बरोबर सांगितलं. गेलेले पैसे सरकारी योजनेतून परत मिळवून देतो, फाइल फी फक्त २,५००. मी एक शब्द न बोलता फोन ठेवला आणि नंबर १९३० वर कळवला. तक्रार क्रमांक मिळालाय. माझा आकडा त्यांच्यापर्यंत कसा पोचला, हे ठाण्यात दोनदा विचारून आलो. उत्तर नाही.