बीपीची गोळी, काही महिने वापरून: औषधाला भरपूर मार्क, पाकिटाला भोपळा

आज सकाळी परत तेच. पट्टी अंगठ्याने दाबली तर फॉइल फाटेना, जोर लावला तर फॉइलसकट गोळीही फुटली, अर्धी हातात आणि अर्धी बेसिनखाली कुठेतरी. जे औषध रोज आणि बहुतेक जन्मभर घ्यायचं असतं ते असल्या पाकिटात भरायचं कोणाच्या डोक्यातून आलं हे मला खरंच जाणून घ्यायचंय. तर हे सगळं त्या तिरमिरीत लिहितेय, सूर चढलेला वाटला तर चालवून घ्या.

माझं सध्या चालू आहे ते अ‍ॅम्लोडिपिन ५ एमजी आणि टेल्मिसार्टन ४० एमजी, दोन वेगळ्या गोळ्या. बीपी म्हणजे काय, वरचा आकडा कुठला, मीठ कमी करा, चाला, हे तुम्हाला पाठ असणार, ते सोडून देते. आणि माझा डोस वाचून आपला बदलू नका, मलाही इथपर्यंत यायला डॉक्टरांनी दोनदा फिरवाफिरवी केली आहे.

सुरुवात नुसत्या अ‍ॅम्लोडिपिनने झाली. ही गोळी मुळात संथ आहे. घेतल्यावर रक्तात पूर्ण चढायलाच ६ ते १२ तास, आणि शरीरातून निम्मी बाहेर पडायला ३० ते ५० तास. म्हणजे रोजचा डोस एकावर एक साठत पातळी स्थिर व्हायला आठवडा जातो. मी काय, पहिल्या दिवसापासून मशीन घेऊन बसलेली, आकडा काही हलेना, म्हटलं औषध नकली आहे की काय. पण हाच संथपणा पुढे सोयीचा ठरतो, एखाद्या दिवशी चुकली तरी आकडा लगेच उसळी मारत नाही. (हे सगळ्या बीपीच्या गोळ्यांना लागू नाही हां. बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिन अचानक बंद केलं तर बीपी उलटून वर जाऊ शकतं, त्यात गंमत नाही.)

५ ने पुरेसं उतरेना म्हणून १० केली आणि तिथून घोट्यांचं प्रकरण सुरू झालं. संध्याकाळी मोजे काढले की रबराची खाच एवढी खोल की बोट फिरवलं तर काठ लागायचा. नडगीच्या खाली अंगठा दाबून धरला की खळगा पडायचा आणि तो तसाच राहायचा थोडा वेळ, माझ्याकडे बघत. सकाळी उठावं तर पाय नेहमीसारखे, संध्याकाळी परत टम्म. त्या दिवसांत कोणी विचारलं असतं तर मी या गोळीला शून्य मार्क देऊन टाकले असते, कारण बीपी उतरल्याचं काही जाणवत नाही, आपल्याला आधीही काही होत नव्हतं आणि आताही काही होत नाही, मात्र सुजलेला पाय डोळ्यांना दिसतो. किडनी गेली असंच मी धरून चालले होते. गोळी बंद करू का म्हणून फोन केला तर डॉक्टर म्हणाले, आपल्या मनाने बंद करायची नाही, आधी येऊन दाखवा.

तपासण्या झाल्या, किडनी हृदय ठीक निघालं. मग त्यांनी जे समजावलं ते मला पटलं. या गोळीने बारीक धमन्या सैल होतात पण शिरांची बाजू तितकी सैल होत नाही, म्हणजे रक्त यायची वाट मोठी झाली आणि जायची वाट आहे तेवढीच, मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं, उभं राहून बसून ते घोट्यात उतरतं. अंगात जास्तीचं पाणी साचलंय असा प्रकार नसतो, म्हणून लघवीची गोळी देऊन ही सूज फारशी हटत नाही. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात आकडेच आहेत: ५ एमजीवर १०० पैकी साधारण ३ जणांना सूज, १० एमजीवर जवळजवळ ११ जणांना, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. हे छापलेलं असताना १० ची गोळी हातात देताना कोणी एका वाक्याने सांगितलं असतं तर मी इतके दिवस किडनीची काळजी करत बसले नसते. आणि हो, सूज एकाच पायाला असेल आणि दुखत असेल, किंवा सोबत धाप लागत असेल, तर ती या गोळीची म्हणून सोडून द्यायची नाही. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल, हे त्यांनी दोनदा बजावलं.

उपाय काय केला, तर १० ची परत ५ केली आणि जोडीला टेल्मिसार्टन दिली. ती शिरांची बाजूही मोकळी करते म्हणून सूज कमी व्हायला मदत होते असं त्यांचं म्हणणं, आणि झालंही तसंच. हळूहळू खाच उथळ झाली, आता उन्हाळ्यात किंवा लांबच्या प्रवासात थोडी दिसते तेवढीच. आणि बीपी एका गोळीचा डोस दुप्पट करून जेवढं उतरलं नव्हतं तेवढं दोन छोट्या डोसांनी उतरलं. तर अ‍ॅम्लोडिपिनबद्दलचं माझं मत मी मागे घेते. गोळी चांगली आहे, १० चा डोस मला सोसला नाही एवढंच.

आता मुख्य मुद्दा, पाकीट.

दोन गोळ्या झाल्यावर मी हौसेने सात कप्प्यांची, वारांची नावं असलेली डबी आणली. रविवारी बसून आठवड्याच्या गोळ्या भरायच्या, कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली, विषय संपला. पावसाळी हवा होती. गुरुवार-शुक्रवारपर्यंत टेल्मिसार्टनचं अंग मऊ पडलेलं, बोटाला पूड लागतेय, एकीवर तर ठिपके. अ‍ॅम्लोडिपिन शेजारच्या कप्प्यात ठणठणीत. केमिस्टकडे डबी घेऊनच गेले तर तो म्हणाला ही गोळी हवेतली ओल शोषते, घ्यायच्या वेळेलाच पट्टीतून काढायची. आतलं औषध पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून गोळी बनवताना त्यात सोडियम हायड्रॉक्साइडसारखे अल्कली घालतात आणि त्यामुळे ती पाणी ओढते. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, मुंगीएवढ्या अक्षरात, आठ घड्या घातलेल्या कागदावर, आणि तो कागद आपल्याला मिळतोच असं नाही.

माझी काटकसरही इथेच मेली. ८० एमजीची पट्टी घेऊन अर्धी अर्धी करू, स्वस्त पडेल, असा हिशोब मी आधीच मांडून ठेवला होता. केमिस्टने एका वाक्यात निकाल लावला: उरलेली अर्धी उद्यापर्यंत उघडी कुठे ठेवणार?

बरं, ओल चालत नाही म्हणून जाड अल्युमिनियम, मान्य. पण मग ते उघडता तरी यावं ना. माझी बोटं धड आहेत तरी ही तऱ्हा, संधिवात असलेल्या माणसाने काय करायचं. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे पट्टीवर वार नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटावर वार कधीपासून आहेत माहितीये? डेव्हिड वॅगनर नावाच्या एका अमेरिकन इंजिनिअरच्या घरी, आज गोळी घेतली की नाही, यावरून रोजचा घोळ, म्हणून त्याने वारांची गोल डबी बनवली आणि १९६२ मध्ये पेटंटचा अर्ज केला. साठ वर्षं उलटून गेली. बीपीची गोळी घेणाऱ्यांमध्ये साठी-सत्तरीची माणसं कितीतरी, घेतली का नाही घेतली हा प्रश्न त्यांना पडणार नाही तर कोणाला पडणार, आणि त्यांना मिळते बिनवाराची पट्टी. काही कंपन्या वार छापतात, मी चित्रं बघितलीत, माझ्या हातात एकही आलेली नाही.

कंपनीला मेल केला. व्यवस्थित लिहिलं, गोळी चांगली आहे, पट्टी उघडताना फुटते, वार छापा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की आपल्या प्रकृतीबाबत कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मी परत लिहिलं की प्रकृती उत्तम आहे, पाकीट आजारी आहे. त्याला उत्तर नाही.

मग माझी मीच पद्धत बसवली. पट्टी कात्रीने कापून एकेक घर सुटं करायचं आणि डबीत टाकायचं, म्हणजे हवाही नाही आणि वारही कळतो, असं आधी वाटलं. पण सुट्या घरावर नाव अर्धवट, एमजी नाही, तारीख नाही, आणि आमच्या घरात दोन माणसांच्या बीपीच्या गोळ्या आहेत, दोन्ही पांढऱ्या. नवऱ्याची गोळी वेगळी आणि डोसही वेगळा, सुटे तुकडे मिसळले तर शोधायचं कसं. म्हणून पट्टी अख्खीच ठेवते. बॅच आणि एक्स्पायरी ज्या टोकाला छापलेली असते त्याच्या उलट टोकापासून सुरुवात, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख वाचता येते. मागच्या फॉइलवर बारीक मार्करने तारखा घालून ठेवते, बॉलपेनने नाही, त्याने फॉइलला भोक पडतं. आणि गोळी दाबून न काढता नखाने कडेने फॉइल सोलायचं. आज सकाळी घाईत दाबली, त्याचं फळ वर लिहिलंय.

तारीख घालायचं कारण, सकाळी घेतली का नाही हे आठवत नाही तेव्हा खात्रीला म्हणून अजून एक घ्यायचा मोह होतो. मला सांगितलेला नियम असा की त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवसाची वेळ होत आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. सकाळ की रात्र यावर आमच्या ओळखीत फार वाद चालतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर यासाठीच टाइम नावाचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, हार्ट अटॅक, स्ट्रोक यात सकाळ-रात्रीने फरक पडला नाही. तेव्हा जी वेळ लक्षात राहते ती. माझी दात घासायची.

टेल्मिसार्टन चालू केल्यावर थोड्या दिवसांनी क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करायला लावतात. मी कुरकुरले, आत्ताच तर झाली होती, परत कशाला खर्च. पण ही जोडलेल्या गोळीसाठीची तपासणी असते, काही लोकांत ती गोळी पोटॅशियम वाढवते आणि ते आपल्याला जाणवत नाही, रक्तातच दिसतं. त्याच कारणाने ते सोडियम कमी असलेलं मीठ मनाने आणायचं नाही, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर टेल्मिसार्टन चालत नाही, डॉक्टरांना आधीच सांगा. आणि उलट्या जुलाब लागले तर गोळी तशीच रेटायची का थांबवायची हे फोन करून विचारा.

पेनकिलरचं तर मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी विचारलं म्हणून कळलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या बीपी वाढवतात, टेल्मिसार्टनचा परिणाम कमी करतात आणि किडनीवर ताण टाकतात, त्यात लघवीची गोळीही चालू असेल तर आणखीच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं व्हावं म्हणून स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन असतं, त्याने बीपी चढू शकतं. आता मी केमिस्टला काहीही मागताना आधी बीपीच्या गोळ्यांची नावं सांगते, मागे रांग असली तरी.

मशीनबद्दल जास्त लिहीत नाही. पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे घ्या, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. घरी सरासरी १३५/८५ च्या खाली पाहिजे, दवाखान्यातली सीमा १४०/९०, तुमच्या डॉक्टरांनी याहून खालचं टार्गेट दिलं असेल तर ते धरा. एका आकड्यावरून गोळी वाढवायची-कमी करायची नाही. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं असं काही असेल तर परत परत मोजत बसू नका, निघा.

मार्क द्यायचे तर दोन्ही गोळ्या मिळून १० पैकी ९, एक घोट्यांचा कापला. पाकीट शून्य, आणि मेलच्या उत्तरासाठी उणे काही असेल तर तेही. पुढच्या भेटीत विचारणार आहे की दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात ती मला चालेल का, दोन पट्ट्यांच्या जागी एकच पट्टी, फुटण्याचा धोका निम्मा. तीही अर्धी करता येत नाही आणि जाड अल्युमिनियमच्याच पट्टीत येते, हे मी केमिस्टला विचारून ठेवलंय.