दिवाळीतले डाग आणि ऑक्सिजन पावडर : कशावर चालते, कशावर चालत नाही

सोडियम परकार्बोनेट हे मुख्य घटकद्रव्य असलेली पांढरी, दाणेदार पावडर आता मोठ्या किराणा दुकानांत रंगीत पाकिटांतून आणि ऑनलाइन सुट्या स्वरूपातही मिळते. तिला सर्रास ‘ऑक्सिजन पावडर’ म्हटले जाते. दिवाळीच्या फराळापासून त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्यांपर्यंत घरात जे डाग पडतात, त्यांवर ती वापरून पाहिल्यानंतर माझे मत स्पष्ट झाले आहे: ही पावडर विकत घेण्याजोगी आहे, मात्र अशा पाकिटांवर सर्रास आढळणारे ‘सर्व प्रकारचे डाग’ हे आश्वासन खरे मानू नये. कोणता डाग कशाचा आहे हे ओळखणाऱ्याच्या हाती ती उत्तम काम करते, आणि न ओळखता वापरली तर पैसे आणि कधीकधी कापडही वाया जाते.

तिचे काम कसे चालते हे समजले की निम्मा प्रश्न सुटतो. पाण्यात विरघळताच या पावडरीचे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असे दोन भाग होतात. सोडा पाणी अल्कधर्मी करतो आणि चिकटपणा थोडाफार सैल करतो, तर पेरॉक्साइड डागातील रंगद्रव्याचे रेणू मोडून ते रंगहीन करते. म्हणजे डाग प्रत्येक वेळी निघून जातोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त दिसेनासा होतो, आणि घरगुती वापरासाठी तेवढे पुरते. ही क्रिया साधारण ४० ते ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात चांगली होते. नाशिकला दिवाळीच्या सुमारास पहाटे नळाचे पाणी हाताला चांगलेच गार लागते, आणि त्या पाण्यात पावडर टाकून तासाभरात निकालाची वाट पाहणाऱ्यांची निराशा होणे स्वाभाविक आहे. अंघोळीच्या कढत पाण्यापैकी थोडे बाजूला काढून पाच लिटरांत दोन मोठे चमचे पावडर आधी पूर्ण विरघळवावी, मग कापड बुडवावे आणि किमान दोन तास हलवू नये. द्रावणाची ताकद काही तासांतच संपते, त्यामुळे ते करून ठेवण्यात अर्थ नाही. झाकणबंद बाटलीत तर ते कधीच भरू नये, कारण आत वायू साठून बाटली फुटू शकते.

हळदीच्या डागावर या पावडरीने मला सर्वांत जास्त समाधान दिले. चिवड्याच्या फोडणीची हळद परकरावर किंवा ओट्याजवळच्या पंच्यावर उडते, आणि साबण लावताक्षणी ती लालभडक होते. ते पाहून अनेक जण डाग वाढला असे समजून जोरात घासू लागतात. प्रत्यक्षात हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात लाल होते, आणि हळदीवर अल्कधर्मी पदार्थाची प्रक्रिया करून कुंकू बनवण्याची जुनी पद्धत याच गुणावर उभी आहे. घाबरण्याचे कारण नाही. भांडी घासण्याच्या द्रवाने आधी तेल काढावे, मग कापड कोमट द्रावणात भिजवावे आणि ओले असतानाच उन्हात घालावे, कारण कर्क्युमिन उजेडात फिके पडते. दिवाळीनंतरच्या स्वच्छ उन्हात पिवळ्या रंगाची उरलीसुरली झाक दुपारपर्यंत जाते. हळदीने पिवळे पडलेले प्लास्टिकचे डबे तर नुसत्या उन्हानेही बरेच उजळतात, त्यासाठी पावडर खर्च करू नये.

नाशिककरांच्या घरी पाहुणे आले की मिसळ होतेच, आणि तर्रीचा डाग हा तिहेरी असतो: तेल, हळद आणि मिरचीचा तांबडा रंग. हा रंग तेलात मुरलेला असतो, म्हणून तेलाला हात न लावता थेट पावडरीत भिजवलेला शर्ट जसाच्या तसा बाहेर येतो. डाग ताजा असताना त्यावर कोरडे बेसन किंवा टाल्कम पावडर पसरून तेल शोषून घ्यावे, झटकावे, भांड्यांचा साबण बोटांनी चोळावा, धुवावे आणि मगच भिजत घालावे. हा क्रम पाळला तर निकाल उत्तम येतो. आपल्या भागात द्राक्षबागांबरोबर वायनरीही आल्या, त्यामुळे सणाच्या टेबलावर रेड वाईन सांडणे आता नवलाचे राहिलेले नाही. पांढऱ्या सुती टेबलक्लॉथवरचा तो डाग द्रावणात आधी निळसर होतो आणि नंतर विरत जातो; या डागासाठी मी या पावडरीपेक्षा सोपा उपाय पाहिलेला नाही. चहाने काळवंडलेले कप आणि थर्मासची आतली बाजूही ती उत्तम स्वच्छ करते, फक्त थर्मासचे झाकण उघडे ठेवावे आणि नंतर तो भरपूर पाण्याने विसळावा.

आता जिथे ती निरुपयोगी ठरते ते. पणतीचे तेल हा रंगाचा डाग नाही, त्यामुळे तिथे पेरॉक्साइडला करण्यासारखे काही उरत नाही. ते काम साबणाचेच. मेणबत्तीचे मेण बर्फाने कडक करून खरवडावे आणि उरलेले टिपकागदावरून गरम इस्त्री फिरवून शोषून घ्यावे. भिंतीवरील काजळी म्हणजे कार्बन, तिच्यावर कोणतेही ब्लीच चालत नाही. ओल्या फडक्याने पुसली की ती रंगात आणखी मुरते, म्हणून आधी कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडून घ्यावी. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला गेरू लावताना धोतरावर किंवा साडीवर पडलेले शिंतोडे हे लोहाच्या ऑक्साइडचे असतात. जे आधीच ऑक्सिडाइझ झालेले आहे त्याचा रंग ही पावडर कसा घालवणार? गेरू वाळू द्यावा, झटकावा आणि मग साबणाने धुवावा. गंजाच्या डागावर लिंबाचा रस आणि ऊन हा जुना उपाय या पावडरीपेक्षा कितीतरी सरस आहे, मात्र संगमरवरी फरशीवर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. आम्लाने तिची चकाकी कायमची जाते.

सर्वांत गंभीर इशारा रेशमाबाबत आहे. येवल्याची पैठणी आपल्याच जिल्ह्यात विणली जाते आणि लक्ष्मीपूजनाला ती अनेक घरांत नेसली जाते. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे आहेत. अल्कधर्मी द्रावणात त्यांची चमक आणि ताकद दोन्ही कमी होतात, आणि जरीचे काय होईल ते सांगता येत नाही. पैठणीवर ही पावडर चिमूटभरही लावू नये. तेलाचा थेंब पडला तर टाल्कम पावडर टाकून, न घासता, साडी जाणत्या ड्रायक्लीनरकडे द्यावी आणि डाग कशाचा आहे हे त्याला आवर्जून सांगावे, कारण पुढचे रसायन तो त्यावरूनच ठरवतो. रंगीत सुती कपडेही आधी शिवणीच्या आतल्या बाजूस तपासून घ्यावेत.

क्लोरीन ब्लीचपेक्षा मला ही पावडर निश्चितच पसंत आहे. तिला उग्र वास नसतो, रंगीत सुती कापडावरही ती बहुधा सौम्य राहते, आणि वापरानंतर तिचा सोडा, पाणी व ऑक्सिजनच उरतो. तरीही हातमोजे घालावेत आणि ती क्लोरीन ब्लीच, व्हिनेगर किंवा शौचालयाच्या क्लीनरमध्ये मिसळू नये. खरेदी करताना मी सुट्या परकार्बोनेटला प्राधान्य देईन. तयार पाकिटांत बहुधा सोडा, साबणद्रव्ये आणि सुगंध मिसळलेले असतात आणि आपण त्यांचेही पैसे मोजतो. घटकांची यादी वाचून परकार्बोनेट पहिल्या क्रमांकावर आहे का ते पाहावे, थोड्या प्रमाणातच घ्यावे आणि मोरीच्या दमट फळीऐवजी कोरड्या कपाटात ठेवावे. ओल लागलेली पावडर गुठळ्या होऊन हळूहळू निकामी होते.