अश्रुग्रंथीची गाठ: तुकडा काढायचा की अख्खी गाठ?

‘सुई लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे आणि बहुतेक गाठींबाबत ती बिनबुडाची आहे. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत बसलेल्या अश्रुग्रंथीत मात्र एक गाठ अशी होते, जिला अर्धवट कापणं खरंच महागात पडू शकतं: प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा. गाठ साधी, कॅन्सरची नाही. पण आवरण फाटलं की पेशी सांडतात आणि वर्षांनंतर पुन्हा उगवतात. फाँट आणि गॅमेल यांच्या 1978 च्या अभ्यासात आवरणासकट काढलेल्या गाठी पाच वर्षांत सुमारे 3 टक्के परतल्या, आधी तपासणीसाठी तुकडा काढलेल्या (बायोप्सी केलेल्या) सुमारे 32 टक्के.

म्हणून सूज एकाच डोळ्याची, वर्षाहून जुनी, न दुखणारी असेल आणि सीटी स्कॅनमध्ये हाड कुरतडलेलं नसून नुसतं दाबून खोलगट झालेलं दिसत असेल, तर अख्खी गाठ काढणं बरं. निदान नंतर होतं, चालतं.

दुखणारी, काही महिन्यांतच वाढलेली, हाड खाणारी गाठ असेल तर उलट, आधी तुकडा. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा अश्रुग्रंथीचा कॅन्सर मज्जातंतूंच्या कडेने सरकतो. पुढचे उपचार मोठे असतात, त्याआधी तुकड्याचा पुरावा हवाच. दोन्ही डोळे सुजले असतील तरीही बहुधा तुकडाच: लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), सारकॉइड आणि आयजीजी-4 चा आजार (दोन्ही प्रतिकारशक्तीच्या गडबडीतून सूज आणणारे), आणि भारतात क्षयही विसरू नये.

तिसरा पर्याय, ‘आधी स्टेरॉइड देऊन बघू’, मला सर्वांत कमी पटतो. लिम्फोमाही स्टेरॉइडने काही काळ ओसरतो. सूज उतरते, आपण खूश, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात काही नीट दिसत नाही. नुकतीच आलेली, लाल, दुखरी सूज असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थोडे दिवस औषध देऊन पाहणं रास्त आहे.

तुकडा ठरलाच तर कुठून घेणार, हे विचारा. ग्रंथीच्या पापणीकडच्या भागातून सगळ्या अश्रुनलिका जातात. तिथे कापलं तर डोळा कायमचा कोरडा पडू शकतो. त्यामुळे पापणीच्या घडीतून आत जाऊन खोलचा भाग घेतात. लिम्फोमाची शंका असेल तर थोडा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रवात) न बुडवता ताजाच प्रयोगशाळेत जायला हवा.

आणि गाठ नाहीच, नुसते डोळे-तोंड कोरडे असतील, शोग्रेनची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू-लाळग्रंथींवर उलटते त्या आजाराची) शंका असेल, तर अश्रुग्रंथीला हातही लावायला नको. खालच्या ओठाच्या आतल्या छोट्या लाळग्रंथी तपासून भागतं.