नववीचं इंग्रजी: धड्यांच्या क्रमाने की विषयसूत्राने?

कोल्हापुरातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवताना हा पेच पडतोच. तयारी पाहिली तर क्रमाने शिकवणं सोपं, आणि घटक चाचणीचा भागही वेळेत संपतो. विषयसूत्रासाठी, म्हणजे एकाच विषयाभोवती सगळं गुंफून शिकवण्यासाठी, कविता, कथा, बातमी आधीच निवडून ठेवावी लागते.

लेखनात मात्र विषयसूत्र कितीतरी सरस. 'पूर' घ्या. कवितेनंतर 2019च्या महापुराची इंग्रजी बातमी वाचा, मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट हे आकडे देऊन वृत्तान्त लिहून घ्या. तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून वहीत उतरतात. सूत्र 'निसर्ग'सारखं मोघम ठेवलं की फसतं. 'घर कधी सोडावं?' असा प्रश्नच ठेवा, मुलं बाजू घेऊन लिहितात.

परीक्षा तोंडावर असेल तर क्रमानेच जा. सत्राची सुरुवात असेल आणि मुलं दोन वाक्यांवर अडत असतील, तर विषयसूत्रच.