हेम्मडग्याच्या चेकपोस्टवर

डिसेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेले. खानापुरात आत्याकडे मुक्काम करून, तिच्या दिराच्या गाडीवर शिरोलीमार्गे भीमगडच्या जंगलातल्या हेम्मडग्याला पोचलो होतो. पाठीवर सॅक, पायात नवे बूट, गळ्यात ओळखपत्र. वनखात्याच्या चेकपोस्टवरच्या वॉचर मामांनी ते ओळखपत्र बॅटरीच्या उजेडात उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "हे कुणी दिलं रे तुला, बाबा?"

दीड महिन्यापूर्वी व्हॉट्सअॅपवर मेसेज आला होता: वाघगणनेसाठी स्वयंसेवक पाहिजेत, सात दिवस, राहणं-जेवण फुकट, शेवटी प्रमाणपत्र. वाघगणना दर चार वर्षांनी होते हे मला ठाऊक होतं. 2006, 2010, 2014, 2018, 2022, म्हणजे पुढची 2026 ची. हिशेब बसत होता, म्हणून खरं वाटलं. फसवणारा अडाणी नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

मी आणि माझा वर्गमित्र, दोघांनी अर्ज भरला. मग व्हिडिओ कॉलवर 'मुलाखत' झाली. समोर खाकी शर्टातले एक साहेब, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारे. बिबट्याचा आणि वाघाचा ठसा वेगळा कसा ओळखशील? रोज पाच किलोमीटर चालशील का? गवा समोर आला तर काय करशील? मी घाम पुसत उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी निकाल आला: माझी निवड झाली, मित्राची नाही. कारण दिलं चष्म्याचा नंबर जास्त आहे म्हणून.

मी गंडलो ते इथंच. जो फसवायला बसलाय तो एखाद्याला नापास कशाला करेल, असं वाटलं. मित्राचं तोंड बारीक झालेलं बघून मला तर आणखीच मोठं झाल्यासारखं वाटत होतं. उगाच खोटं कशाला सांगू.

मग पैसे. आधी 2,850 रुपये, विमा, टी-शर्ट आणि ओळखपत्राचे. क्यूआर कोड स्कॅन केला तर कुणा एका माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाले, "ट्रेझरर साहेबांचं खातं आहे, विभागाचं खातं अपडेट चाललंय." चार दिवसांनी 500 रुपये परत आले, 'विम्याचे जास्त घेतले होते' म्हणून. झालं, माझा विश्वास पक्का. आठवड्याने 6,500 मागितले: कॅमेरा ट्रॅपची, म्हणजे जंगलात आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची अनामत, काम संपल्यावर परत मिळणार. बेळगावच्या वडगावात आमचे दोन पॉवरलूम आहेत. बाबांनी सूतवाल्याला द्यायचे पैसे बाजूला काढून दिले. काही बोलले नाहीत, फक्त "नीट जा" म्हणाले.

चेकपोस्टवर मामांनी चहा दिला आणि ओळखपत्रावर बोट ठेवलं. वरती कन्नडमध्ये 'अरण्य इलाखे', म्हणजे वनखातं, असायला पाहिजे, तिथं 'इलाके' छापलेलं. माझं शिक्षण मराठी माध्यमात, कन्नड दुसरी भाषा, पेपरपुरती. वाचलं होतं, पण डोळ्याला खटकलंच नव्हतं. खाली इंग्रजीत 'भीमगड नॅशनल पार्क'. मामा हसले. "हे अभयारण्य आहे रे, 2011 ला झालं. नॅशनल पार्क तिकडं, अणशी." अणशी 1987 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि आता काळी व्याघ्र प्रकल्पात येतं. बारापेड्याच्या गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळावर कॉलेजात तोंड भरून बोलणाऱ्या मला एवढं दिसू नये!

कॅमेऱ्याचंही त्यांनीच सांगितलं. कॅमेरे विभागाचेच असतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे आणि ओळख पट्ट्यांवरूनच पटते. ते बाहेरच्या पोराच्या हातात अनामत घेऊन कोण देईल? ठसे-विष्ठेच्या नोंदी आणि दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालत हरणं-गवे मोजणं, हे काम बीटचे, म्हणजे त्या त्या हद्दीचे, गार्डच करतात. स्वयंसेवक घेतलेच तर त्यांच्यासोबत, तेही रेंज ऑफिसातून. पैसे? "आमच्याकडं कुणी पैसे घेऊन येत नाही बघ."

तिथूनच साहेबांना फोन लावला. बंद.

त्या क्षणी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला पाहिजे होता. मी केला नाही. बाबांना काय सांगू, या लाजेत नऊ दिवस घालवले. मग सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, ठाण्यातही गेलो. लवकर कळवलं तर पैसे मधल्या खात्यात अडवता येतात म्हणे. माझे केव्हाच पुढं गेले होते. 2,850 आणि 6,500, त्यातून परत आलेले 500 वजा केले तर 8,850 रुपये. तक्रार क्रमांक आहे, अजून काही आलेलं नाही.

तुम्हाला असा मेसेज आला तर एक करा. पैसे भरायच्या आधी खानापूर, लोंढा, दांडेली, जिथलं जंगल असेल तिथल्या रेंज ऑफिसात स्वतः जाऊन विचारा. मेसेजमधल्या नंबरावर फोन करून खात्री करू नका, तो नंबर त्यांचाच असतो.

परवा मित्राचा फोन आला. त्याला नवीन नंबरवरून मेसेज आलाय: दांडेलीत हॉर्नबिल पक्ष्यांची गणना, फी 3,200, पूर्वीच्या अर्जावरून थेट निवड. खाली लिहिलंय, चष्मा चालेल.