घरशाळेसाठी फिरती यादी: जून ते मार्च वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते. दोन मुलांना घरी शिकवत असाल, घरात पाहुणे, आजारपणं, सणवार सुरू असतील आणि रविवारी आखलेलं वेळापत्रक गुरुवारपर्यंत फाडून टाकावंसं वाटत असेल, तर फिरती यादी जरूर वापरून बघा. होमस्कूलिंगवाले हिला लूप शेड्यूल म्हणतात. फक्त गणित आणि मराठी वाचन-लेखन तिच्यात घालू नका, आणि परीक्षा वर्षभरावर आली असेल तर एकट्या तिच्या भरवशावर राहू नका.

पद्धत अगदी साधी आहे. विषयांना वार द्यायचे नाहीत, नुसता क्रम द्यायचा. आमच्याकडे पुठ्ठ्याच्या पट्टीवर वरून खाली इतिहास, विज्ञान, चित्रकला, भूगोल, हिंदी, हस्तकला असं लिहिलंय आणि कडेला कपड्यांचा चिमटा लावलाय. विषय झाला की चिमटा एक घर खाली. मध्ये दोन दिवस काहीच झालं नाही तरी बुडलं काही नाही. पंगतीत वाढपी भाजी आणायला आत गेला तर परत येऊन पहिल्या पानापासून वाढत नाही, जिथे थांबला तिथून पुढे जातो. तसंच हे. वारावर चालणाऱ्या वेळापत्रकात शुक्रवारचा विषय वर्षभर मार खातो, कारण गावाला जाणं काय आणि लग्नं काय, आमच्याकडे सगळं शुक्रवारीच निघतं. चित्रकला पूर्वी कायम अशीच गळायची, आता तिचा नंबर येतोच.

खरी मजा कळली ती इतिहासात. धाकटी चौथीच्या वयाची, थोरला सातवीच्या. चौथीच्या इतिहासात शिवचरित्र असतं, म्हणून पुरंदरचा तह दोघांनी एकत्रच वाचला. १६६५ साली महाराजांनी मिर्झाराजा जयसिंगाला २३ किल्ले आणि त्यांखालचा ४ लाख होन (तेव्हाचं सोन्याचं नाणं) उत्पन्नाचा मुलूख दिला, आपल्याकडे १२ किल्ले आणि १ लाखाचा मुलूख ठेवला. धाकटीचा लगेच प्रश्न, ‘म्हणजे निम्म्याहून जास्त गेलं ना?’ थोरल्यानं शेकडेवारी काढली: किल्ले ६६ टक्क्यांच्या आसपास, उत्पन्न मात्र थेट ८० टक्के. मग किल्ले आणि उत्पन्न यांचं प्रमाण सारखं का नाही, राखलेले किल्ले कुठे होते, तिथला मुलूख डोंगराळ होता का, असं करत नकाशा जमिनीवर पसरला. चिमटा बरेच दिवस इतिहासावरच अडकून होता. जुन्या वेळापत्रकात एवढ्यात तीन विषय ‘मागे पडले’ असते आणि मी चिडचिड केली असती. इथे भूगोलही होऊन गेला, म्हणून पुढच्या फेरीत तो सरळ ओलांडला.

आता उणिवा. गणित आणि मराठी वाचन-लेखन रोजचंच हवं. भागाकार चार दिवस सुटला की पाचवा दिवस उजळणीतच जातो, त्यामुळे हे दोन्ही यादीबाहेर, सकाळी नाश्त्यानंतर लगेच. दुसरं, यादी लांबली की फेरी फार हळू फिरते. सहा विषय आणि आठवड्याला चारच बैठका, म्हणजे हिंदीची गाठ दीड आठवड्यानं. भाषेला एवढी फट परवडत नाही, म्हणून हिंदी यादीत दोनदा लिहिली. सहाच्या वर विषय नकोतच, असं माझं मत झालंय. दोन मुलांसाठी दोन वेगळ्या पट्ट्या करायचा मोहही टाळा. इतिहास, विज्ञान, कला एकत्र चालतं, पुस्तकं तेवढी वेगळी.

पट्टीइतकीच उपयोगी पडली ती शंभर पानी वही. तारीख, काय झालं, कुठला प्रश्न अडला, एवढंच लिहायचं, तेही झाल्यावर. पुढचं आखून ठेवण्यापेक्षा झालेलं नोंदवणं मला जास्त पटलं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यांतल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं त्याची यादी, अधूनमधून वहीशी ताडून बघते. काय राहिलंय ते तिथे चटकन दिसतं. ‘कितवीत आहे हो?’ म्हणणाऱ्या नातेवाइकांसमोरही वही ठेवता येते, हा वरचा फायदा. संध्याकाळी लिहायचा कंटाळा येतो, हे खरंच. दोन दिवसांचं एकदम लिहायला बसलं की अर्धं आठवत नाही.

थोरल्यासाठी मात्र ही यादी लवकरच अपुरी पडणार. एनआयओएसच्या, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, दहावीला किमान वय १४ लागतं, उत्तीर्ण व्हायला किमान पाच विषय, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा, आणि २० टक्के गुण टीएमएचे, म्हणजे घरून लिहून पाठवायच्या स्वाध्यायांचे. स्वाध्यायांना शेवटची तारीख असते आणि तारखेपुढे चिमटा काय करणार? नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकाच खेपेला द्यायची सक्ती नाही, तेवढा दिलासा. त्याच्यासाठी परीक्षेच्या महिन्यापासून उलटं मोजत, धडे भागिले आठवडे अशी वेगळी आखणी करणार आहे आणि दर पाचवा आठवडा मोकळा सोडणार आहे. इतिहासाची बैठक तेवढी बहिणीबरोबरच ठेवायची, ही त्याचीच अट.

छापील महागडा प्लॅनर घ्यायचा विचार असेल तर आधी महिनाभर पुठ्ठ्यावर चालवून बघा. बहुतेक प्लॅनरांत सोमवार ते शुक्रवार असे रकाने छापलेलेच असतात, आणि या पद्धतीत त्यांचाच अडथळा होतो.