चाळिशीनंतर नाव कुठे द्यावं: व्हॉलीबॉलच्या वहीत की कॅरमच्या?

दिवाळी आटोपली की आमच्या गावात दोन वह्या फिरायला लागतात. एक चौकातल्या पानठेल्यावर, व्हॉलीबॉलच्या टीमची. दुसरी समाजभवनाच्या खिडकीला सुतळीनं बांधलेली, कॅरमची. दोन्हींत नाव देता येतं असं लोक म्हणतात. मी एक वर्ष देऊन पाहिलं. त्या वर्षी घरात माझ्याशी कोणी धड बोललं नाही आणि चण्याचं एक पाणीही चुकलं. तेव्हा एकच वही निवडावी लागते, एवढं गृहीत धरून पुढचं वाचा.

हे लिहायचं कारण माझा साळा. यंदा तो त्रेचाळीसचा झाला. वर्ध्याकडे सहा एकर, कापूस आणि चणा. परवा त्याचा फोन आला, "भाऊजी, पोट सुटून रायलं. कुठं नाव देऊ, सांगा." दोन्ही खेळ त्याला येतात, त्यामुळे नियम सांगत बसत नाही. मी स्वतः चार हंगाम व्हॉलीबॉलच्या पस्तिशीवरच्या लीगमध्ये काढले, कॅरमचा हा तिसरा.

पोट हाच प्रश्न असेल तर उत्तर सोपं आहे आणि ते कॅरम नाही. दोन सेट खेळून आलेल्या माणसाला जी झोप लागते ती मला नंतर कधी लागली नाही. शिवाय व्हॉलीबॉलला गाव असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेमागं दोन बल्ल्या रोवल्या, हॅलोजन लावला की ओट्यावरच्या बाया, भिंतीवरची पोरं, सगळे पंच. बॉल नालीत गेला की तो हापशीवर धुऊन येतो आणि पुढची सर्व्हिस घेणाऱ्याच्या तोंडावर अर्धी ओंजळ पाणी उडतं. त्यावर जो हशा पिकतो तो कॅरमच्या खोलीत चार महिन्यांत मिळून होत नसेल.

गुडघ्यांची धास्ती लोक उगाच घेतात. नेट दोन मीटर त्रेचाळीसचं असतं ते पुस्तकात. आमच्याकडे पहिल्याच शनिवारी एकमतानं ते वीतभर खाली येतं. मुळात हा खेळ निघालाच चाळिशीतल्या माणसांसाठी. अमेरिकेत होलिओक नावाच्या गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकानं १८९५ साली तो काढला, कारण त्याच्याकडे येणाऱ्या व्यापारी-कारकून मंडळींना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती. त्याचं नेट साडेसहा फुटांचं होतं. आणि एका बाजूला किती गडी असावेत यावर बंधनच नव्हतं, जेवढे आले तेवढे. सहाचा नियम पुढे १९१८ च्या सुमारास आला. माझं सगळं दुखणं या सहाच्या आकड्यात आहे.

नियमाप्रमाणे सहा गडी उभे नसतील तर टीम अपूर्ण, सेट समोरच्याचा. शहरात ही अडचण नसेल. आमच्याकडे लीगचा हंगाम आणि चण्याच्या ओलिताचा हंगाम एकच आहे. शेतीची थ्री फेज लाइन, म्हणजे मोटारीची वीज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शनिवार आला की कोणाचं तरी पाणी असतंच. पाणी नसेल तर पिकाची जागल असते. रानडुकरं आणि रोही काही लीगचं वेळापत्रक पाहून येत नाहीत.

तिसऱ्या हंगामातली एक रात्र सांगतो. संक्रांतीच्या आधीचा शनिवार, साडेआठची मॅच. समोरची टीम आठ किलोमीटरवरून टेम्पो करून आलेली, कानाला मफलर बांधून उभी. आम्ही पाच. सहावा म्हणजे आमचा सेटर, बॉल उठवून देणारा एकमेव माणूस. फोन लावला. पलीकडून आधी स्प्रिंकलरचा आवाज, चट्-चट्-चट्, मग तो. "आलोच भाऊ, एवढे पाइप बदलवतो न् आलोच. दहा मिनटं." दहा मिनिटांनी पुन्हा फोन. पुन्हा चट्-चट्-चट्, या वेळी जास्त जवळून. "निघालोच. गाडी चालू करून रायलो." माणूस गाडी चालू करत असताना मागे स्प्रिंकलर कसा वाजतो, हे आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघून समजून घेतलं. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायचा डबा त्याच्याकडेही होता. पण डब्यानं मोटार चालू होते, पाइप हातानंच उचलून न्यावे लागतात.

नऊ वाजले. पोलीस भरतीची तयारी करणारं एक पोरगं ओट्यावर बसलं होतं, त्याला ओढून उभं केलं. समोरचा कॅप्टन म्हणाला, "याले मिशा तरी फुटल्या का बे? पस्तीसचा नियम कोणासाठी हाय?" त्याचं बरोबरच होतं. पहिला सेट आम्ही कागदावर पंचवीस-शून्य हरलो, बॉलला हात न लावता. दुसऱ्या सेटला सेटर आला. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, हात गारठून लाकूड झालेले. त्या हातांनी तो काय उठवणार?

त्याच्यावर रागावता येत नाही, आणि खरा वैताग त्याचाच आहे. कारण पुढच्या पाळीला तोच "आलोच" मी स्वतः शेतातून म्हटलेला आहे. चार हंगामांत हिशोब ठेवला नाही, पण माझ्या आठवणीत खेळण्यापेक्षा नेटजवळ हात चोळत कोणाची तरी वाट पाहिल्याच्या रात्री जास्त आहेत. हरल्याचं काही वाटत नव्हतं. उभं राहण्याचा कंटाळा आला.

त्याच सुमारास पुतण्याशी व्हिडिओ कॉल झाला. तो कॅनडात विनिपेगला असतो आणि दर गुरुवारी संध्याकाळी कर्लिंगच्या लीगमध्ये खेळतो. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तुम्ही पाहिलं असेल. बर्फाच्या लांब पट्टीवरून एकोणीस-वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड सरकवायचा आणि दोघांनी झाडू घेऊन त्याच्यापुढे बर्फ घासत धावायचं. मी पाहताच म्हटलं, "अरे, हे तर उभ्यानं खेळायचं कॅरम आहे." तो हसला, पण नाही म्हणाला नाही. आपण पावडर टाकतो, ते बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे उठवतात, म्हणजे दगड घसरतो. आपल्याकडे स्ट्रायकर, त्यांच्याकडे दगड. समोरच्याचा ठोकून बाहेर काढायचा ही अक्कल दोन्हीकडे एकच.

मी त्याला विचारलं, तुमच्यातला एक जण नाही आला तर? टीम चारची असते. तो सहज म्हणाला, तिघं खेळतात. एरवी प्रत्येकी दोन दगड. एक कमी असला की पहिले दोघे तीन-तीन टाकतात, तिसरा दोन, आठ पूर्ण. नियमातच लिहिलेलं आहे. शिवाय खेळ संपल्यावर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायची रीत आहे. मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. गैरहजर माणसाची सोय आधीच करून ठेवणारा खेळ मला तोवर माहीत नव्हता.

आमच्या तालुक्यात बर्फाची पट्टी मिळणार नाही. मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्री असते. मग वळलो कॅरमकडे.

कॅरमचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. पहिला म्हणजे पाठ. आमचे दोन बोर्ड जुन्या ड्रमवर ठेवलेले, त्यांची उंची आणि प्लास्टिकच्या खुर्चीची उंची जन्मात जुळली नाही. बसल्या जागेवरून उठायचं नाही हा नियम, त्यामुळे समोरची सोंगटी पाहताना माणूस घोरपडीसारखा मान लांबवतो. दुसरा त्रास पावसाळ्याचा. लीग दिवाळीनंतरची असली तरी सरावाची मंडळी जुलैपासून बसतात. बोर्ड ओल धरतो, मध्यभागी किंचित फुगतो, आणि सरळ मारलेली सोंगटी आपल्या मनानं डावीकडे जाते. तेलाचा डबा कापून आम्ही दिव्याला टोप केला आहे. त्या दिव्यावर पंखाचे मुंगळे येतात, पावडरीत पडून गोल-गोल फिरतात, आणि ऐन राणी कव्हर करताना एखादा स्ट्रायकरच्या वाटेत येऊन बसतो. त्याला उचलायचं की फुंकायचं यावर एकदा पाऊण तास गेला. एक काकाजी तर पॉकेटच्या तोंडाशी अडलेल्या सोंगटीला खोकल्याचं निमित्त करून फुंकर मारतात. कर्लिंगमध्ये झाडू चालतो, कॅरममध्ये फुंकर चालत नाही, हे त्यांना पटलेलं नाही.

रुसवेही इथे जास्त. व्हॉलीबॉलमध्ये पॉइंट गेला तर सहा जणांत वाटून जातो. कॅरममध्ये तीन फुटांवर समोर बसलेल्या माणसानं तुमची चूक पाहिलेली असते. ड्यूची, म्हणजे दंडाची, सोंगटी बाहेर ठेवताना ती जरा जास्त हळू ठेवली, यावरून आमच्या दोन चुलतभावांचं बोलणं होळीपर्यंत बंद होतं.

आता दुसरी बाजू. एका रात्री नऊ वाजता माझा भिडू आला नाही. लाइन आली म्हणून गेला. समोर बसलेले गुरुजी म्हणाले, "मग आपण दोघं एकेरीचा उरकून घेऊ, दुहेरीचा सोमवारी." झालं. कोणी फोन लावला नाही, कोणी टेम्पोचं भाडं काढलं नाही. वहीत दोन नावांपुढे बाण काढून वार बदलला. मी तो बाण जरा वेळ पाहतच बसलो. चार हंगाम ज्या गोष्टीनं माझं डोकं उठवलं ती अडचण इथे बॉलपेनच्या एका रेघेत मिटली होती. लीगमध्ये आम्ही चौदा जण आहोत. ज्याची रात्रपाळी त्याचा सामना पुढे, ज्याचं पाणी झालेलं तो आज. गावात लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर एक दिवा निघतो. हॅलोजन निघत नाही. पुतण्याची रीत तेवढी उचलली, जिंकणाऱ्यानं चहा पाजायचा. पाजण्याचं कॅनडातलं रूप समाजभवनात चाललं नसतं.

आणखी एक गोष्ट, जी साळ्याला फोनवर सांगायची राहिली. आमच्या वहीत दोन बायकांची नावं आहेत. त्यांतल्या अंगणवाडीच्या ताई माझ्याशी आजवर एकही सामना हरलेल्या नाहीत. त्या थंबनं मारतात, आणि आवाजावरूनच कळतं की गेली. कॅरमला म्हाताऱ्यांचा बैठा खेळ म्हणणाऱ्यांना मी चेन्नईच्या काझिमाचं नाव सांगतो. रिक्षावाल्याची पोरगी, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्ड कपला गेली आणि तीन सुवर्णपदकं घेऊन आली. त्याही आधी १९९६ साली मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला होता. आमच्यातून कोणी तिथवर जाईल असं नाही. पण साळ्याची बारावीतली पोरगी त्याच्यासोबत त्याच वहीत नाव देऊ शकते, व्हॉलीबॉलच्या वहीत नाही, एवढं त्यानं धरावं.

तरी हा निकाल माझ्या रानाचा आहे, त्याच्या नाही. काही गावांचे शेतीचे फीडर आता सोलरवर गेलेत, तिथं दिवसाच लाइन मिळते आणि रात्र मोकळी राहते. त्याच्याकडे तसं झालं असेल, किंवा टीममध्ये तीन-चार जण दुकानदार, मास्तर असे बिनपाण्याचे असतील, तर त्यानं खुशाल व्हॉलीबॉलला जावं; पोटासाठी तेच बरं. कोरडवाहू असता तर मी अजूनही नेटजवळच असतो बहुतेक. पण ओलीत असेल, लाइन रात्रीची असेल आणि वाट पाहण्याची चीड येत असेल, तर मला वाटतं समाजभवनाच्या खिडकीकडे जावं. पोटासाठी सकाळी विहिरीपर्यंत चालत जाता येतं, गाडी न काढता.

नाव दिलंच तर स्ट्रायकर स्वतःचा घ्यावा. पंधरा ग्रॅमच्या वर चालत नाही, पण समाजभवनातले तिन्ही स्ट्रायकर कडेला टवके गेलेले आहेत आणि कट मारताना हमखास फिरतात. बोटाचं नख जरा वाढवावं, कापसाच्या वेचणीत तुटतं म्हणून वेचणीआधीच सराव उरकावा. आणि पानठेल्यावरच्या वहीवाल्यांना आपला नंबर देऊ नये. मी दिला होता. यंदा त्यांनी मला तीनदा सहावा म्हणून बोलावलं, आणि तिन्ही वेळा मी गेलो.